मधली वाट

सातारा रस्त्यावर बालाजीनगरच्या बाजूला आम्ही राहावयास आलो, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. त्या काळी घराच्या गच्चीवरून कात्रजचा घाट स्पष्ट दिसे आणि पावसाळ्यात ढग डोंगरावरून उतरून जणू आमच्याच दारात येत. पद्मावतीच्या पुढे पुणे संपते, अशी शहरातल्या माणसांची समजूत होती. नातेवाईक आमच्याकडे यावयाचे तर डबा बांधून निघाल्यासारखे येत. संध्याकाळी शाळेतून परतताना सायकलस्वारांची रांग लागलेली असे आणि अधूनमधून एखादी पीएमटीची लाल बस त्या रांगेला सावरत, सांभाळत पुढे जाई.

या रस्त्याखाली आणखी एक रस्ता आहे, हे मला फार उशिरा कळले. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणण्यासाठी जमिनीखालून दगडी नळ बांधून घेतला. मधून मधून त्याला उच्छ्वास ठेवले, म्हणजे उतरून गाळ काढता यावा आणि पाण्याचा कोंडमारा होऊ नये. पाण्याला त्याची स्वतःची वाट दिली, त्या वाटेत दुसऱ्या कुणी येऊ नये अशी व्यवस्था केली, म्हणून ते शनिवारवाड्यापर्यंत पोहोचले. पुढे जे सांगावयाचे आहे, त्या वेळी या नळाची आठवण मला वारंवार होई.

शहर वाढत गेले. २००१ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत २५ लाखांवर माणसे मोजली गेली. दहा वर्षांनी तो आकडा ३१ लाखांवर गेला. सायकली कधी नाहीशा झाल्या ते कळलेही नाही. बस वेळेवर येत नाही म्हणून माणसे स्कूटर घेऊ लागली, स्कूटरींची गर्दी झाली म्हणून बस आणखी उशिरा येऊ लागली, आणि बस आणखी उशिरा येते म्हणून उरलेल्यांनीही स्कूटर घेतली. मीही त्यांतलाच. मुलांच्या शिक्षणाचा खर्च थोडा हलका झाल्यावर मी एक जुनी चेतक विकत घेतली आणि स्वारगेटच्या पलीकडे असलेल्या माझ्या शाळेत तिच्यावरून जाऊ लागलो.

आमच्या सौ. मात्र बसनेच जात राहिल्या. त्या कॅम्पातील एका रुग्णालयात परिचारिका होत्या. कमरेच्या जुन्या दुखण्यामुळे स्कूटरवर बसणे डॉक्टरांनी त्यांना वर्ज्य केले होते. स्वारगेटपर्यंत एक बस आणि तेथून दुसरी, असा त्यांचा प्रवास वीस वर्षे चालला. घरातील घड्याळ त्यांच्या बसवर लावलेले असे. पोळ्या किती वाजता व्हाव्यात, दूध कुणी तापवावे, धाकट्याला कुणी उठवावे, हे सारे त्या बसने ठरवले होते. आणि ती बस स्वतः मात्र कोणत्याही घड्याळाला बांधील नव्हती.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या सुधारणेसाठी जवाहरलाल नेहरूंच्या नावाने एक मोठे अभियान सुरू केले आणि त्यातून आमच्या शहरात जलद बससेवेची योजना आली. रस्त्याच्या मधोमध केवळ बससाठी राखलेली मार्गिका. कात्रजपासून स्वारगेट, आणि तेथून पुढे हडपसरपर्यंत, असा सुमारे सोळा किलोमीटरांचा पहिला टप्पा. देशात असे काही प्रथमच होणार, असे वर्तमानपत्रांत छापून येई. ‘बीआरटी’ ही तीन अक्षरे तेव्हापासून आमच्या पुणेरी मराठीत आली, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा उच्चार अभिमानापेक्षा वैतागानेच अधिक होऊ लागला. वर्षभर रस्ता खोदलेला होता. धुळीने गॅलरीतली तुळस राखाडी झाली. आमच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त बसवाहक तेवढे खुशीत असत. “सर, तुम्ही बघाच,” ते मला म्हणत, “तीस वर्षं मी गर्दीतनं घंटी मारत हिंडलो. गाडीला मोकळा रस्ता मिळणार म्हणजे काय ते तुम्हांला नाही कळायचं.”

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते स्वारगेट ही मार्गिका सुरू झाली. पहिल्याच रविवारी मिस्सा आटोपल्यावर सौ. म्हणाल्या, “अहो, आज उगाचच स्वारगेटला जाऊन येऊ या.” उगाच म्हणून कुठे जाणाऱ्यांपैकी त्या नव्हेत. आम्ही बसलो. डाव्या हाताला मोटारी, रिक्षा आणि टेम्पो यांची रांग खोळंबलेली, आणि आमची बस त्यांच्या शेजारून, कुणाची मिनतवारी न करता, सरळ पुढे. खिडकीशी बसून त्यांनी हातातल्या घड्याळाकडे तीन वेळा पाहिले. उतरल्यावर एवढेच म्हणाल्या, “सतरा मिनिटं.” त्या सतरा मिनिटांवर त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सकाळचा सारा संसार नव्याने मांडला: आता अर्धा तास उशिरा उठता येईल, किंवा तेवढ्याच वेळी उठून पाय शेकता येतील.

या योजनेमागचा विचार साधा आहे, आणि तो मुळात आपला नव्हे. ब्राझीलमधील कुरितिबा या शहराचे महापौर जैमे लेर्नेर व्यवसायाने वास्तुरचनाकार होते. भुयारी रेल्वेसाठी लागणारा पैसा शहराजवळ नव्हता. तेव्हा जे रेल्वेला जमिनीखाली मिळते ते बसला जमिनीवरच का देऊ नये, असा विचार पुढे आला आणि १९७४ मध्ये तेथे बसच्या स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. पुढे १९९१ मध्ये त्यांनी काचेच्या नळकांड्यासारखे थांबे उभारले. प्रवासी आत शिरतानाच पैसे देतो. आतली जमीन बसच्या जमिनीच्या उंचीची असते. बस आली की पायरी न चढता तो आत चालत जातो. कोलंबियातील बोगोटा शहराने डिसेंबर २००० मध्ये हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली. तेथे एका बसला दुसरीच्या पुढे जाता यावे म्हणून दुहेरी मार्गिका ठेवल्या. बसचा वेळ धावण्यात जात नाही, थांबण्यात जातो, हे या लोकांनी ओळखले होते. वाहक सुट्टे पैसे शोधतो, वृद्ध बाई उंच पायरीशी झगडते, सिग्नल लाल होतो, पुढे रिक्षा आडवी येते. ही चार कारणे काढून टाकली तर साधी बसही रेल्वेसारखी वागू लागते.

आमच्या मार्गिकेने यांपैकी एकच कारण काढण्याचा प्रयत्न केला, आडव्या येणाऱ्या रिक्षेचे. तिकीट बसमध्येच मिळे. आमच्या नशिबी येणाऱ्या बसला पूर्वीसारख्याच उंच पायऱ्या असत आणि सौ. एका हाताने दांडा व दुसऱ्या हाताने कंबर धरून चढत. चौक आला की मार्गिका संपे आणि बस पुन्हा गर्दीत शिरे. पलीकडे गेली की पुन्हा मोकळी. पेशव्यांच्या नळाला असे दर फर्लांगावर तोडले असते तर शनिवारवाड्यात पाण्याचा थेंब पोहोचला नसता.

तरीही ती मार्गिका चालत होती. आणि तिचा घात करणारी गोष्ट कोणती, हे मी स्वतः केल्यावाचून मला समजले नाही.

बसची मार्गिका बहुतेक वेळ रिकामी दिसते. हा तिचा दोष नव्हे. नीट चालते तेव्हाच ती रिकामी दिसते. दर मिनिटाला एक बस गेली आणि तीत साठ माणसे असली, तर तासाला ३६०० माणसे त्या पट्टीवरून जातात. तरी दोन बसच्या मधल्या मिनिटात शेजारच्या गर्दीत अडकलेल्या माणसाला तेथे केवळ उघडे डांबर दिसते. आमच्याकडे दर मिनिटाला बस नव्हतीच, त्यामुळे ते डांबर अधिकच उघडे. मोटारीत एकटा बसलेला माणूस म्हणतो, ‘एवढा रस्ता वाया चालला आहे.’ तो साठ माणसे मोजत नाही, कारण ती त्याच्या डोळ्यांसमोर नसतात. ती पुढे निघून गेलेली असतात किंवा मागून यावयाची असतात. मीही असाच हिशेब केला.

मार्गिका सुरू होऊन दोनेक आठवडे झाले असतील. नाताळची सुट्टी जवळ आली होती, शाळेत सहामाहीचे निकाल देण्याची घाई होती, आणि त्या दिवशी मला निघावयास उशीर झाला. सौ. माझ्या आधी दहा मिनिटे बाहेर पडल्या होत्या. पद्मावतीच्या अलीकडे वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत होती. माझ्या उजव्या हाताला ती मोकळी पट्टी. पुढे एक मोटारसायकल आत शिरली, तिच्यामागे दुसरी. शिट्टी घेऊन उभा असलेला पोरगेला रखवालदार एकीच्या मागे धावला, तेवढ्यात मी आत शिरलो.

दोनशे पावले मी राजासारखा गेलो. पद्मावतीच्या सिग्नलपाशी आम्ही सात-आठ दुचाकीवाले त्या मार्गिकेत गोळा झालो आणि सिग्नल हिरवा होताच सारे निसटले. माझी चेतक मात्र बंद पडली. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना पुढचे सांगावयास नको. खाली उतरलो, तिला एका कुशीवर कलंडवले, पुन्हा सरळ केले, किक मारली. पुन्हा कलंडवले. दोन्ही बाजूंना कठडे असल्यामुळे तिला बाजूला ढकलण्यासही जागा नव्हती. मागे बस येऊन उभी राहिली होती. चालकाने कर्णा दाबून धरला, मग मान बाहेर काढून माझ्या वयाचा मान न ठेवता चार शब्द सुनावले. ते शब्द सर्वथा योग्य होते. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. त्या बसच्या मागे दुसरी बस येऊन थांबली. घामाने चष्मा घसरत होता. तो सावरण्यासाठी मी मान वर केली, तेव्हा पहिल्या बसच्या पुढच्या खिडकीत मला सौ. दिसल्या.

त्यांनी मला पाहिले होते. किती वेळापासून, कोण जाणे. त्यांनी हात हलवला नाही की तोंड फिरवले नाही. खिडकीच्या गजाला धरून त्या माझ्याकडे पाहत होत्या, वॉर्डातल्या एखाद्या रुग्णाकडे पाहावे तशा. शेजारी उभ्या असलेल्या बाईने बहुधा मला नावे ठेवली असावीत, कारण ती माझ्याकडे बोट दाखवून त्यांना काही सांगत होती आणि त्या मान हलवीत होत्या. तेवढ्यात चेतक सुरू झाली.

रात्री जेवताना त्या विषयावर त्यांनी काही काढले नाही. मीच म्हणालो, “सकाळी जरा उशीर झाला होता, म्हणून...”

“हो,” त्या म्हणाल्या. भात वाढला. मग सहज सांगितल्यासारखे म्हणाल्या, “स्वारगेटची पुढची बस गेली होती. आज माझा तिसरा लेट मार्क लागला.” आणि थोड्या वेळाने, अगदी खरोखर चौकशी करावी तशा, “तुम्ही पोहोचलात ना वेळेवर?”

मी वेळेवर पोहोचलो होतो.

तीन लेट मार्क म्हणजे एक किरकोळ रजा. वर्ष संपत आले होते, आणि त्यांच्या हाती एकच रजा शिल्लक होती. ती त्यांनी श्रीरामपूरला आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवली होती. पुढच्या मंगळवारचा दिवस ठरला होता. बिनपगारी रजा मागावी तर वॉर्डात आधीच माणसे कमी, आणि मागण्याचा त्यांचा स्वभाव नव्हे. त्या गेल्या नाहीत. भावजय गेली. शस्त्रक्रिया नीट पार पडली. तसे पाहिले तर कुणाचे काही बिघडले नाही. रात्री भावजयीचा दूरध्वनी आला तो मीच घेतला. डोळ्याला पट्टी बांधून म्हाताऱ्या खाटेवर पडून होत्या आणि खोलीत कुणाचीही पावले वाजली की विचारीत होत्या, “माय, आलीस का?” भावजयीने हे कौतुकाने सांगितले. मी ते सौ.ना सांगितले नाही. आज अठरा वर्षांनी या पानावर लिहितो आहे. त्या हे त्रैमासिक वाचतात.

त्या आठवड्यापासून मी बसने जाऊ लागलो. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. प्रथम मला सौ.समोर स्कूटर काढण्याची लाज वाटे, आणि पुढे सवय झाली. बसमधून रस्ता निराळा दिसतो. थांबा रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे तेथवर पोहोचणे हेच एक दिव्य असे. कडेच्या वाहनांच्या लोंढ्यातून अर्धा रस्ता ओलांडावयाचा, मग कठड्याच्या फटीतून आत शिरावयाचे. शाळकरी मुले हात धरून पळत. म्हातारी माणसे कडेला उभी राहून ओळखीचा चेहरा शोधीत. आमचे निवृत्त वाहक सकाळी तासभर तेथे जाऊन उभे राहत आणि लोकांना ओलांडून देत. ते काम त्यांना कुणी सांगितले नव्हते. “गाडीला रस्ता दिला, पण माणसाला दिला नाही,” हे त्यांचे शब्द. ज्याला बसने जावयाचे आहे तो आधी पायी चालतो, ही गोष्ट कागदावर रेघा ओढताना कशी विसरली गेली, याचे मला अजून नवल वाटते.

२०१० साली एका नातेवाइकाच्या लग्नासाठी आम्ही दोघे अहमदाबादला गेलो. तेथील ‘जनमार्ग’ ही सेवा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. लग्नापेक्षा मला तीच पाहावयाची होती, हे मी कबूल करतो. थांब्याच्या तोंडाशी तिकीट घेतले, आत गेलो, बस आली, दार फलाटाला लागले. सौ. दांडा धरण्यासाठी हात उचलून उभ्या होत्या. पायरीच नव्हती. त्या आत गेल्या आणि मागे वळून जमिनीकडे पाहू लागल्या. “ह्यात चढायला काहीच नाही हो,” असे त्या दोनदा म्हणाल्या. खरे सांगावयाचे तर मला आनंदाऐवजी थोडा रागच आला. जी गोष्ट करता येते ती पाहिल्यावर न केलेल्या गोष्टीला सबब उरत नाही.

आमच्या शहरानेही पुढे धडा घेतला, तो अर्धाच. २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि पाठोपाठ पिंपरी-चिंचवडच्या काही रस्त्यांवर अधिक नीटस थांब्यांच्या नव्या मार्गिका झाल्या. २०१६ मध्ये नगर रस्त्यावर झाली, आणि काही वर्षांतच ती उखडण्यातही आली. दिल्लीने २००८ मध्ये बांधलेली मार्गिका २०१६ मध्ये मोडून टाकली. सोलापूर रस्त्यावरची आमच्याच पहिल्या टप्प्याची हडपसरकडील बाजू मोडीत निघाली. ‘वाहतुकीला अडथळा’ हे कारण प्रत्येक ठिकाणी दिले गेले. साठ माणसांची बस ही वाहतूक नव्हे, आणि एका माणसाची मोटार ही वाहतूक, असा या शब्दाचा अर्थ होऊन बसला आहे. माझ्या पिढीने तो रूढ केला, आणि पद्मावतीच्या सिग्नलपाशी त्याला माझाही हातभार लागला आहे, म्हणून मी याहून अधिक बोलत नाही.

सातारा रस्त्यावरची मार्गिका मात्र टिकली. मध्यंतरी रस्ता पुन्हा खोदला गेला, थांबे नव्याने बांधले गेले, बस बदलल्या. निवृत्त वाहक आता नाहीत. सौ. २०१४ मध्ये सेवानिवृत्त झाल्या. मी त्याआधीच झालो होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोची पायाभरणी झाली. म्हणजे पेशव्यांच्या नळानंतर पावणेतीनशे वर्षांनी या रस्त्याखाली पुन्हा एकदा वाट खोदली जाणार. आमच्या हयातीत ती होईल न होईल. झाली तर सौ.ना सरकत्या जिन्याची भीती वाटते, हा निराळा प्रश्न आहे.

त्याच महिन्यातील गोष्ट. स्वारगेटला जाण्यासाठी आम्ही दोघे थांब्यावर उभे होतो. रस्ता ओलांडताना मी त्यांचे कोपर धरले होते, ते तसेच धरून राहिलो होतो. बस येताना दिसली. पण तिच्यापुढे मार्गिकेत एक तरुण दुचाकीवर, पाठीला पोतडी, कानाला मोबाइल, रमतगमत नव्हे पण बसला पुढेही जाऊ देईना. चालक कर्णा वाजवीत होता. थांब्यावरचे लोक चिडले. एकाने त्याला अडवण्यासाठी हात पुढे केला. मीही काहीतरी कठोर बोलावयास तोंड उघडले.

सौ.नी माझा हात दाबला. “जाऊ द्या,” त्या म्हणाल्या, “उशीर झाला असेल त्याला.”

बस लागली. आम्ही चढलो.